‘तेव्हा बरं होतं’ म्हणणाऱ्यांचं काय करायचं? : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांमधे बऱ्याच जणांनी घुमूनफिरून एकच विचारलं आहे, की घरातली मोठी माणसं जुन्या काळाबद्दल जे सांगून राहिली आहेत ते कितपत खरं धरायचं. निवडणुकीचं वारं सुटलं की हा आजार जरा बळावतो. सहा पत्रं घेतली आहेत. नावं दिली नाहीत, कारण निम्म्या तक्रारी घरच्याच माणसांबद्दल आहेत आणि हे मासिक घरीच येतं.

प्रश्न : माझे सासरे रेल्वेतून रिटायर झाले, वय बहात्तर. जेवायला बसले की आणीबाणीचं पुराण सुरू. गाड्या टायमावर होत्या, बाबू जाग्यावर सापडायचा, भाव उतरले होते, अशी शिस्त पुन्हा पाह्यली नाही वगैरे. माझे बाबा घरी आले की मग महाभारतच, कारण माझ्या मोठ्या काकांना तेव्हा मिसाखाली, म्हणजे खटल्याविना आत टाकायच्या कायद्याखाली, उचललं होतं आणि आजीनं ते दिवस कसे काढले ते बाबांनी डोळ्यांनी पाह्यलं. दोघंही छातीठोक सांगतात. खरं कोणाचं? (मनीषनगर)

उत्तर : ताई, दोघांचंही खरं आहे, आणि त्यानं भांडण मिटणार नाही हेही खरं.

आधी सासऱ्यांचं घेऊ. भाव उतरले होते ही थाप नाही. 1974-75 मधे देशात घाऊक महागाई 25 टक्क्यांच्या घरात गेली होती, मे 1974 मधे रेल्वेचा तो मोठा संप झाला, सगळा देश वैतागलेला होता. आणि 1975-76 मधे महागाईचा दर चक्क शून्याच्या खाली आला. आता हे आणीबाणीनं झालं का? 1975 चा पाऊस चांगला झाला, धान्य बाजारात आलं, आणि भाव दाबायचे जे कडक निर्णय होते ते तर 1974 मधेच, म्हणजे आणीबाणीच्या वर्षभर आधी घेतले गेले होते. त्यातला एक निर्णय असा की नोकरदारांच्या वाढीव महागाई भत्त्यातला अर्धा भाग सक्तीनं ठेवीत टाकायचा. सासरे तेव्हा नोकरीला लागलेले असतील तर त्यांना सहज विचारा, बाबा, तुमचा भत्ता कापला होता म्हणे, आठवते का? बहुतेक आठवणार नाही. स्वस्ताई आठवते, ती कोणाच्या खिशातून आली ते विसरायला होतं.

आणि गाड्यांचं म्हणाल तर वर्तमानपत्रांवर सेन्सॉरशिप होती, लेट झालेल्या गाडीची ओरड छापणार कोण? काही गाड्या खरंच सुधारल्या असतील, नाही म्हणत नाही, पण ज्या काळात तक्रार करायचीच चोरी असते त्या काळाची आठवण आपोआप तक्रारमुक्त निघते. हे नीट लक्षात घ्या, पुढच्या उत्तरांतही कामी येईल.

दुसरी गोष्ट वयाची. बहात्तर म्हणजे तेव्हा ते बावीस वर्षांचे. मानसशास्त्रवाल्यांनी हे बऱ्याच देशांत तपासलं आहे की माणसाला म्हातारपणी सगळ्यात ठसठशीत आठवतो तो साधारण पंधरा ते पंचवीस-तीस या वयातला काळ, कारण पहिली नोकरी, पहिला पगार, लग्न, स्वतःचं घर सगळं तिथंच दाटीवाटीनं झालेलं असतं. तर गाड्या टायमावर होत्या की नाही माहीत नाही, पण सासरे तेव्हा स्वतः टायमावर होते, गुडघे दुखत नव्हते, आणि डबा कोणीतरी भरून देत होतं.

आता बाबांचं. आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाच्या हिशोबात मिसा आणि डीआयआर हे अटकेचे दोन कायदे मिळून एक लाखाहून जास्त माणसं आत टाकली गेली होती. 1976-77 या एका वर्षात देशभर 83 लाखांच्या आसपास नसबंद्या झाल्या आणि त्यात जबरदस्ती किती झाली ते उत्तरेकडच्या खेड्यापाड्यांतल्या लोकांना विचारा. पण इथं एक गंमत आहे जी आपल्याकडं फारसं कोणी बोलत नाही. मार्च 1977 च्या निवडणुकीत उत्तर भारतात काँग्रेसचा सफाया झाला, खुद्द इंदिरा गांधी रायबरेलीत पडल्या, आणि त्याच निवडणुकीत विदर्भानं काँग्रेसला भरभरून दिलं, नागपूरची जागासुद्धा काँग्रेसनंच जिंकली. म्हणजे सासऱ्यांसारखं वाटणारे लोक इथं तेव्हाही होते, ते काही आज व्हॉट्सॲप वाचून तयार झालेले नाहीत. ज्याच्या दारात पोलीस आले त्याच्याकडं एक आठवण, ज्याच्या दारात आले नाहीत त्याच्याकडं दुसरी, आणि दोघं आता व्याही.

आणि या आठवणींना सरकारी मोलही आहे बरं का. महाराष्ट्रात आणीबाणीत तुरुंगात गेलेल्यांना 2018 मधे मानधन सुरू झालं, 2019 मधे सरकार बदललं तर 2020 मधे बंद झालं, 2022 मधे पुन्हा सरकार बदललं तर पुन्हा सुरू. 2024 मधे केंद्रानं 25 जून हा ‘संविधान हत्या दिवस’ म्हणून जाहीर केला. एकच भूतकाळ, पण त्याचा जीआर निघतो नि रद्द होतो. मग घरातला आवाजही त्यानुसार वर-खाली होणारच, बाबांचा काही वर्षं मोठा, सासऱ्यांचा काही वर्षं.

एक करून पाहा. दोघांना ‘आणीबाणी कशी होती’ असं विचारूच नका, त्यावर भाषणच येणार. 1976 ची दिवाळी कशी झाली विचारा. साखर कुठून आणली, कोण घरी होतं, कोण नव्हतं. असं विचारलं की भाषण गळून पडते आणि माणूस खरंच आठवायला लागतो.

प्रश्न : मूळ गाव कळंब तालुक्यात, मी मिहानमधे नोकरी करतो. वडील दर सीझनला म्हणतात की आमच्या काळात क्विंटलभर कापूस विकला की तोळाभर सोनं येत होतं. ग्रुपवर पण फॉरवर्ड फिरतो, खाली एका पार्टीचं चिन्ह असते. खरं आहे का हो?

उत्तर : भाऊ, ढोबळमानानं खरं आहे. 1972 च्या सुमारास दहा ग्रॅम सोनं दोनशे रुपयांच्या आसपास होतं आणि कापसाचा क्विंटलचा भावही त्याच घरात. आज लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 2025-26 साठी 8,110 रुपये आहे आणि सोनं लाखाच्या पार गेलं, म्हणजे तोळ्याला बारा क्विंटलहून जास्त लागतात. वडिलांना खोटं पाडायला जाऊ नका.

पण तराजू कोणता धरला ते पाहा. अमेरिकेनं सोन्याचा भाव औंसाला 35 डॉलरवर बांधून ठेवला होता, ऑगस्ट 1971 मधे ती गाठ सोडली, आणि तिथून सोनं जे उडालं ते उडालंच. म्हणजे सोनं नेमकं उडायच्या बेतात होतं तेव्हाचा हा फोटो आहे. या तराजूत कोणालाही बसवा, तो गरीबच झालेला दिसेल. तिसऱ्या वेतन आयोगानंतर केंद्र सरकारी शिपायाचा कमीत कमी मूळ पगार 196 रुपये होता, त्यात 1973 साली अर्ध्या तोळ्याहून जास्त सोनं यायचं. आज मूळ पगार 18,000, भत्ता धरून सुद्धा तीन ग्रॅम यायची मारामार. मग काय सरकारी शिपाई तेव्हा श्रीमंत होता आणि आता भिकेला लागला? त्याच्या घरी जाऊन पाहा, फ्रिज-टीव्ही-गाडी सगळं आहे.

आणि त्या फॉरवर्डमधे 1972 हे साल मोठ्या दिमाखात असते ना, तर महाराष्ट्रातला तो भयंकर दुष्काळ त्याच साली पडला होता. मे 1973 मधे राज्यात दुष्काळी कामांवर जवळपास 50 लाख माणसं खडी फोडत होती, रेशनवर ती लाल मिलो ज्वारी मिळत होती जिची भाकरी गळ्याखाली उतरत नाही म्हणून आमच्या मागच्या पिढीनं आयुष्यभर नाकं मुरडली. विदर्भाला त्याची झळ मराठवाड्यापेक्षा कमी लागली, म्हणून कदाचित तुमच्या घरी त्या सालाची सोन्याचीच बाजू राहिली. शिवाय उतारा किती होता? 1970-71 मधे देशात हेक्टरी सरासरी 106 किलो रुई निघायची, आता त्याच्या चौपटीच्या आसपास. क्विंटलला तोळा येत होता, पण क्विंटल किती होत होते हे फॉरवर्डवाला सांगत नाही.

आता इथंच थांबलो तर मी पण त्या फॉरवर्डवाल्यासारखाच होईन, दुसऱ्या बाजूचा. कारण वडील सोन्याबद्दल बोलूनच राहिले नाहीत. ते सांगत आहेत की बियाणं, फवारणी, वेचाईची मजुरी, सगळं वाढलं आणि त्या मानानं भाव वाढला नाही. 1972 मधे राज्यात एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली तेव्हा तिच्या हजार तक्रारी होत्या, चुकारे रखडायचे, ग्रेडरच्या नावानं बोटं मोडायचे, पण माल घेणारा एक ठरलेला होता. आज व्यापाऱ्याच्या दारात ओलावा किती म्हणून कापूस दाबून पाहतात नि भाव पाडतात, तेव्हा वडिलांना तो ठरलेला माणूस आठवते. पार्टीनं काय केलं तर या आजच्या तक्रारीवरचं लेबल काढून तिच्यावर 1972 चिकटवलं. असं केलं की उत्तर द्यावं लागत नाही ना, 1972 काही कोणाच्या बजेटमधे बसत नाही.

प्रश्न : बाबा एम्प्रेस मिलमधे होते. अजूनही मिलच्याच गोष्टी. हा पण नुसता नॉस्टॅल्जियाच समजायचा का? (गणेशपेठ)

उत्तर : नाही. 1877 मधे सुरू झालेली मिल, टाटांनी 1986 च्या सुमारास हात काढले, मग सरकारी महामंडळानं रेटली आणि 2002 मधे कायमची बंद. त्या जागेवर आता मॉल आहे. पर्मनंट नोकरी होती ती गेली, मुलगा कंत्राटावर लागला, हे काही आठवणीचे खेळ नाहीत, याची पगाराची पावती आहे. फक्त मिलमधली कापसाची धूळ, खोकला आणि रात्रपाळी यांच्याबद्दल आईला वेगळं विचारा, ती बाबांपेक्षा जास्त सांगेल.

प्रश्न : मी धरमपेठेत शाळेत शिकवते. नव्वदीत वाढलेले आमचे तरुण शिक्षक सारखं सांगतात की ‘आमच्या वेळी राजकारण नव्हतं, लोक प्रेमानं राहायचे’. रील्स पण तशाच. हे कुठून आलं?

उत्तर : मॅडम, राजकारण होतं, ते नऊ वर्षांचे होते. इतकं साधं आहे हो.

नव्वदीचं दशक म्हणजे मंडल, मंदिर, 6 डिसेंबर 1992, मुंबईचे बॉम्बस्फोट, 1991 मधे 47 टन सोनं परदेशात गहाण, आणि 1996 ते 1999 मधे लोकसभेच्या तीन निवडणुका. त्या पोट्ट्यांना यातलं काय दिसलं? शाळेला सुट्टी मिळाली, बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला, एवढंच. रीलमधे कॅसेट येते, पेन्सिलनं गुंडाळलेली रीळ येते, बर्फाचा गोळा येतो, आणि ते सगळं खरंच होतं, त्याचं मला काही वाईट वाटत नाही. पण नागपूरच्या माणसानं नव्वदीवर रील बनवायची नि त्यात 23 नोव्हेंबर 1994 नाही म्हणजे जरा जास्तच झालं. अनुसूचित जमातीच्या मागणीसाठी गोवारी समाजाचा मोर्चा विधानभवनावर आला होता, हिवाळी अधिवेशन चालू होतं, लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली, 114 माणसं गेली, त्यात बायका-लेकरं जास्त. सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला आदिवासी गोवारी शहीद उड्डाणपूल नाव आहे आणि त्याच्यावरून रोज जाणाऱ्या मुलांना विचारा, काहून आहे हे नाव? मुलांना तिथं घेऊन जा. स्मारक झिरो माइलच्या जवळच आहे, सहल काढायला बसही लागत नाही.

प्रश्न : माझं वय 81. नागपूर राजधानी होतं तेव्हाची शान मी लहानपणी पाहिली आहे. नातू हसतो, म्हणतो आजोबा सोडा, तेव्हा काय होतं? त्याला तुम्हीच सांगा. (महाल)

उत्तर : आजोबा, नमस्कार. नातवानं हसायचं काही कारण नाही, आधी त्याला हे वाचायला द्या. नागपूर 1861 पासून मध्य प्रांताची राजधानी, 1936 पासून इथं स्वतःचं हायकोर्ट, 1950 नंतर मध्य प्रदेशची राजधानी, आणि 1 नोव्हेंबर 1956 ला भाषावार राज्यरचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला तर एका दिवसात राजधानीचं साधं शहर झालं. हायकोर्टाचं खंडपीठ झालं, सचिवालय भोपाळला. 1955 मधे फाजल अली आयोगानं तर वेगळा विदर्भ करा म्हणून शिफारस केली होती, ती बाजूला ठेवली गेली. 1953 च्या नागपूर कराराच्या आधारावर हिवाळी अधिवेशन मिळालं, डिसेंबरात थोडे दिवस मंत्र्यांच्या गाड्यांची लगबग आणि मग पुन्हा शुकशुकाट, आणि कोरोनाच्या दोन वर्षांत तर तेही मुंबईतच उरकलं. एवढं मोठं काही हातातून गेल्यावर माणसाला चुकचुक वाटणारच. विदर्भवाद्यांचं सगळं राजकारण या चुकचुकीवर उभं आहे आणि तिच्या बुडाशी खरा हिशोब आहे, अनुशेष आहे, सिंचन आहे, नोकऱ्या आहेत.

पण आजोबा, आता तुम्हालाही एक विचारतो, राग मानू नका. 1 नोव्हेंबरच्या बरोबर अठरा दिवस आधी, 14 ऑक्टोबर 1956 ला, याच शहरात बाबासाहेबांनी लाखो लोकांसोबत धम्मदीक्षा घेतली. इंदोरा, पाचपावली या दलित वस्त्यांतल्या तुमच्याच वयाच्या एखाद्या आजोबांना विचारलं की छप्पन साली काय झालं, तर राजधानी गेली असं ते म्हणणार नाहीत. त्यांच्यासाठी ते साल काहीतरी मिळाल्याचं आहे, त्याच्या आधीचं जग त्यांना परत नको आहे, कितीही शान असो. राजधानीच्या त्या शानदार शहरात कोणाला कोणत्या विहिरीवर पाणी भरू देत होते ते तुम्ही लहान असूनही पाह्यलं असेल. 1951 च्या जनगणनेत देशात साक्षर माणसं 18 टक्के, सरासरी आयुर्मान 32 च्या आसपास. नातवाचा ‘तेव्हा काय होतं’ हा सवाल उद्धट आहे, पण अगदीच फालतू नाही.

दोन्ही तारखा त्याला सांगा. आणि जुनं सचिवालय दाखवायला घेऊन जाल तेव्हा रस्ता जरा वाकडा करून दीक्षाभूमीवरून न्या, तुमचे गुडघे परवानगी देत असतील तर.

प्रश्न : आमच्या प्रभागात एक उमेदवार ‘सुवर्णकाळ परत आणू’ म्हणून पॉम्प्लेट वाटून राहिला आहे. त्याला नेमकं काय विचारावं? (त्रिमूर्तीनगर)

उत्तर : साल विचारा. नुसतं साल. ‘कोणता सुवर्णकाळ, भाऊ, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत?’ बहुतेक उमेदवार इथंच घसरतात, कारण साल सांगितलं की त्या सालचा भाव, त्या सालचा दंगा, त्या सालचा टँकर सगळं हुडकता येते. सांगितलंच तर पुढचं विचारा, की तेव्हा या प्रभागात नळ किती घरी होते. 2001 च्या जनगणनेत सुद्धा देशात स्वयंपाकाचा गॅस जेमतेम साडेसतरा टक्के घरांत होता. सुवर्णकाळात चुलीचा धूर कोण खात होतं ते त्याच्या आईला माहीत असेल.

हे हसण्यावारी नेऊ नका मात्र, हा माल खपतो. फिलिपीन्समधे मार्कोस यांनी 1972 मधे लष्करी कायदा लावला, 1986 मधे लोकांनी रस्त्यावर उतरून त्यांना पळवून लावलं, आणि 2022 मधे त्यांचाच मुलगा प्रचंड मतांनी राष्ट्राध्यक्ष झाला. प्रचारात काय, तर वडिलांचा काळ कसा सोन्याचा होता याचे व्हिडिओ. मतदारांत कितीतरी जण 1986 नंतर जन्मलेले, त्यांची स्वतःची आठवण नव्हतीच, त्यांना ती आयती मिळाली. आपल्या ग्रुपवर जे फिरून राहिलं आहे ते याहून फार वेगळं आहे का, तुम्हीच ठरवा.

आणि तपासायला आपल्या नागपुरात तर सोय आहे राजेहो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे इडापिडेचा मोठा पुतळा, मिरवणुकीनं निघते, सव्वाशेहून जास्त वर्षांची परंपरा, तिच्यासोबत त्या-त्या वर्षी लोकांना जे जे छळून राहिलं त्याचे बडग्या, म्हणजे टिंगलीचे पुतळे. कोणत्या वर्षी कशाचे बडग्या निघाले हे इतवारीतल्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ असते, जुन्या पेपरांत फोटोही सापडतात. उमेदवारानं जे साल सांगितलं त्या सालचे बडग्या काढून पाहा, महागाईचा सापडला की एक प्रिंट काढून त्याच्याच पॉम्प्लेटवर स्टेपल करा नि परत पाठवा.